वजन अडलं म्हणून साखर तोडायची?

बरेच दिवस एक मेसेज गटागटांतून फिरतो आहे. मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच: 'वजन एका आकड्यावर अडलंय? दोष तुमच्या जिभेचा. साखर कोकेनपेक्षा आठपट व्यसनी आहे. गोड खावंसं वाटतं म्हणजे अंगात मॅग्नेशियम कमी. २१ दिवस साखर पूर्ण तोडा, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. पहिल्या आठवड्यात डोकं दुखेल, ते विष बाहेर पडतंय. अगदीच राहवलं नाही तर गूळ किंवा मध. एक दिवस जरी घसरलात तरी मोजणी परत एकपासून.' खाली जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

साखर कमी खावी याबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्के अशी आहे, जमलं तर त्याच्याही निम्मी. रोज २००० कॅलरी खाणाऱ्याला ही मर्यादा ५० ग्रॅम पडते. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की ४० ग्रॅम तिथेच संपतात, आणि थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत आणखी तीस-पस्तीस ग्रॅम असतात. तेव्हा चहातला चमचा कमी करा, बाटली सोडा, इथवर मेसेजशी माझं भांडण नाही. पण तो पोचतो कुणाकडे? चार-सहा महिने काकडी आणि सूपवर दिवस काढलेल्या, काटा हलेनासा झालेल्या आणि रात्री अकराला फ्रिजचं दार उघडं ठेवून श्रीखंडाचा डबा संपवणाऱ्या माणसाकडे. त्याच्या हातात हा मेसेज घातक आहे.

'दोष तुमच्या जिभेचा' यापासूनच सुरू करू. वजन कमी झाल्यावर शरीर दोन गोष्टी करतं: खर्च थोडा कमी करतं आणि भूक बरीच वाढवतं. यातलं दुसरं मोजणं अवघड, कारण माणूस काय खाल्लं ते नीट सांगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यावर एक नामी युक्ती काढली. मधुमेहाचं एक औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, रोज साधारण ३६० कॅलरींची. ते घेणाऱ्या रुग्णांना आपण ऊर्जा गमावतो आहोत याची जाणीवही नव्हती. वजन उतरत गेलं तसं त्यांचं खाणं किती वाढलं, हे वजनाच्या नोंदींवरून काढता आलं. दर किलोमागे रोजची भूक साधारण १०० कॅलरींनी वाढली, तर खर्च जेमतेम २०-३० कॅलरींनी घटला. म्हणजे ८ किलो उतरवलेल्या बाईला रोज ८०० कॅलरींची जादा भूक लागते आणि खर्च मात्र दीड-दोनशेनं कमी झालेला असतो. काटा अडला नसता तरच नवल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की डाएट संपल्यावर वर्षभरानंही भुकेची संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. जीभ बिचारी यात फार उशिरा येते.

आता कोकेन. या दाव्याचं मूळ बहुतेक वेळा फ्रान्समधल्या बोर्दोच्या २००७ मधल्या एका प्रयोगाशी नेऊन जोडतात. उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले होते, एक दाबला की गोड पाणी, दुसरा दाबला की कोकेनचा डोस. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. त्या पाण्यात साखर नव्हे, सॅकरिन हा कृत्रिम गोड पदार्थ होता, ज्यात एकही कॅलरी नसते. पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्याला गोड जास्त आवडलं, एवढंच त्यातून कळतं. 'आठपट व्यसनी' असा निष्कर्ष त्यात कुठेही नाही, आणि आवड म्हणजे व्यसन नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बार्ट होबेल आणि निकोल अव्हेना यांच्या प्रयोगांत उंदीर साखरेवर खरोखर तुटून पडले. पण कोणते उंदीर? रोज १२ तास उपाशी ठेवलेले आणि मग साखरेचं पाणी दिलेले. ज्यांच्यापुढे साखर दिवसरात्र होती त्यांनी असलं काही केलं नाही. साखर व्यसनी आहे हे सांगायला जो प्रयोग वापरतात, त्यालाही आधी उंदरांना उपास घडवावा लागला, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलं.

माणसांतही अन्नाचं व्यसन असतं का यावर संशोधक अजून भांडताहेत, आणि तो वाद खोटा नाही. पण ज्यावरचा ताबा सुटतो त्यात चॉकलेट, आइस्क्रीम, पिझ्झा, चिप्स असे पदार्थ पुढे येतात, म्हणजे साखर किंवा पीठ आणि सोबत भरपूर तूप-तेल. साखरेच्या डब्यात चमचा घालून रात्री कुणी बसत नाही. बर्फीचा पुडा मात्र संपतो.

'२१ दिवस पूर्ण तोडा, सातनंतर कुलूप.' एकवीसचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून आला. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी लोकांच्या नव्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाली, तीही १८ पासून २५४ पर्यंत पसरलेली. आणि त्यात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मोजणी एकपासून करायची गरज तिथेच संपते.

पण आकडा राहू द्या. आधीच कमी खाणाऱ्याला आणखी तोडायला सांगितलं की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९४४-४५ मधलं आहे. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खायला घालावं हे शिकायचं होतं, आणि शस्त्र हाती धरायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीनं आले होते. सुमारे १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. (आज बायकांच्या हाती १२०० कॅलरींचा चार्ट सर्रास दिला जातो, आणि तो उपासमार वाटत नाही.) काही आठवड्यांत या तरुणांना अन्नाशिवाय दुसरं सुचेना. ज्यांनी आयुष्यात स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातला घास पुरवून पुरवून खाऊ लागले. एक जण मध्येच बाहेर जाऊन आइस्क्रीमवर आइस्क्रीम खाऊन आला आणि दुकानातल्या गोळ्याही उचलल्या. बंधन उठल्यावर कित्येकांचं पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी भूक मिटेना. हे साखरेचे गुलाम नव्हते. उपाशी होते.

आपल्याकडे हे कळायला मिनेसोटाला जायची गरज नव्हती. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपण हसत हसत म्हणतोच. दिवसभर एका केळ्यावर राहिलेली व्यक्ती रात्री खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, वेफर्स असं सगळं खाते, आणि तिला आपण अधाशी म्हणत नाही. मग सकाळी ग्रीन टी, दुपारी सॅलड आणि रात्री अकराला श्रीखंड, याला इच्छाशक्तीचा अभाव का म्हणायचं?

दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की थोड्या थोड्या वेळानं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर, हा वाद मी इथे काढत नाही. दोनदा जेवून ज्यांना बरं वाटतं त्यांनी जरूर दोनदा जेवावं. पण ज्यांचं रात्री भसाभसा खाणं सुरू झालंय त्यांच्यासाठी सर्वांत तपासलेला उपाय उलट दिशेचा आहे: तीन जेवणं, मध्ये दोन छोटी खाणी, जागेपणी चार तासांपेक्षा मोठी पोकळी नाही. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीचा हा पाया आहे. कामावरून परतताना, पाच-सहाच्या सुमाराला, मूठभर दाणे, उकडलेलं अंडं किंवा वाटीभर उसळ पोटात गेली तर रात्रीचं युद्ध बऱ्याचदा सुरूच होत नाही. गोडही तोडायचं नाही. जेवणासोबत, ताटात वाढून, सगळ्यांसमोर बसून खायचं.

डोकेदुखीचं विष म्हणजे बहुतेकदा चहा. साखर सोडायची म्हणून आपल्याकडे लोक चहाच सोडतात, आणि कॅफिन अचानक थांबलं की दिवसभरात डोकं दुखू लागतं, ते दोन ते नऊ दिवस चालू शकतं. बिनसाखरेचा चहा घेऊन पाहा.

मॅग्नेशियमचं उत्तर त्याहून छोटं. ते कमी पडल्यानं मन धावत असतं तर तीळ, राजगिरा आणि भोपळ्याच्या बियांकडे धावलं असतं, जिलबीकडे नाही. १९९४ मध्ये मिचनर आणि रोझिन यांनी चॉकलेटची तलफ येणाऱ्यांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या, तलफ भागली नाही. कोकोची पूड नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटनं काही अंशी भागली. हवी होती ती चव.

आणि गूळ? १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात थोड्या कमी. चहात घालायच्या प्रमाणात फरक शून्याच्या घरात. मध तर जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मर्यादेत मोजला जातो. गूळ आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको.

मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य शेवटचं आहे. 'घसरलात तर परत एकपासून' वाचणारी व्यक्ती अर्धा पेढा खाल्ल्यावर काय विचार करते? दिवस गेलाच आहे, आता पुडाच संपवू, उद्यापासून नीट. अर्ध्या पेढ्याच्या कॅलरी नगण्य होत्या, हिशेब त्यानंतरच्या पुड्याचा होतो. मग दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो आणि घाबरून पुन्हा उपास. तो दीड किलो बहुतांशी पाणी असतं. शरीर जादा साखर ग्लायकोजेन या रूपात साठवतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं, फरसाणातलं मीठ आणखी धरून ठेवतं. किलोभर चरबीला सुमारे ७७०० कॅलरी लागतात, एका रात्रीत तेवढं जादा खाणं क्वचितच कुणाला जमतं. रात्री खूप खाल्लं गेलं तर सकाळचा नाश्ता वेळेवर करा, पोहे, उपमा, जो रोजचा असेल तो. आणि काटा चार-पाच दिवस कपाटात ठेवा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, म्हणून इथे लिहितो. आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने, थांबता येत नाही असं वाटून भराभर, पोट दुखेपर्यंत, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, याला २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तकात स्वतंत्र आजाराची जागा आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की उपचार चालू असताना वजन कमी करायच्या मागे लागू नका, डाएटनं असं भसाभसा खाणं वाढतं. झोप अपुरी असेल, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांची औषधं चालू असतील तर त्यांनीही भूक वाढते. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी रात्रीचं जेवण मेसेज वाचून बंद केलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

डॉक्टरांना 'वजन कमी होत नाही' एवढंच सांगितलंत तर आणखी एक चार्ट हाती येण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी किती वेळा होतं, रात्री किती वाजता, त्याआधी किती तास उपाशी होतात आणि थांबता येतं की नाही, हे सांगा. समोरासमोर सांगायची लाज वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आहे. फोन मोफत आहे, कोणत्याही वेळी करता येतो आणि मराठीत बोलता येतं.