मूल वाचतंय की ओळखतंय?

"चित्र बघ, आणि सांग बघू खाली काय लिहिलंय?" वाचन शिकवताना हे वाक्य इतक्या सर्रास कानावर येतं की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, आणि म्हणून ही लांबलचक पोस्ट. चित्रात बदक असतं, खाली 'बदक' लिहिलेलं असतं, मूल 'बदक' म्हणतं, आपण शाबासकी देतो. आता तेच चित्र ठेवून खाली 'पक्षी' लिहा. मूल पुन्हा 'बदक'च म्हणेल. कारण त्याने वाचलं ते चित्र, अक्षराकडे त्याची नजर गेलेलीच नव्हती.

ही सवय हवेतून आलेली नाही. वाचन म्हणजे अर्थाच्या आधाराने केलेला अंदाजांचा खेळ, अशी मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी 1967 साली केली आणि ती जगभरच्या वर्गांत झिरपली. शब्द अडला की चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, वाक्यात काय बसेल ते सांग. पुढच्या काही दशकांत वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या, शब्दओळखीचे प्रयोग झाले, आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी निघाली. सराईत वाचकाची नजर बहुतेक सगळ्या महत्त्वाच्या शब्दांवर टेकते आणि शब्द ओळखायला त्याला संदर्भाचा आधार फारसा लागत नाही. अंदाजावर भिस्त असते ती कच्च्या वाचकाची. म्हणजे अंदाज करायला शिकवून आपण मुलाला कच्च्या वाचकाच्याच सवयी लावतो.

ज्यांना संशोधनातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे, त्यांनी गफ आणि टनमर या संशोधकांचं 1986 सालचं सूत्र ठेवावं: वाचून समजणं = अक्षरांवरून शब्द उलगडणं × भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. मूल खडाखडा वाचतं पण शब्दांचे अर्थच माहीत नाहीत, तर हाती काही लागत नाही. गोष्टी ऐकून सगळं समजतं पण अक्षरं उलगडत नाहीत, तरी हाती काही लागत नाही. त्यामुळे 'अक्षरं आधी की अर्थ आधी' हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही पहिल्या दिवसापासून, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या साहित्यातून.

वाचन कसं शिकवावं यावरचं संशोधन तपासणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनल या समितीचा अहवाल 2000 साली आला. त्यात पाच गोष्टींवर भर आहे: ध्वनींची जाण (बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखता येणं), अक्षर-ध्वनी संबंधाचं क्रमवार शिक्षण, ओघ (न अडखळता वाचणं), शब्दसंपत्ती आणि आकलन. त्यातला एक तपशील मात्र नेहमी सुटतो. ध्वनींचे खेळ वर्षभर खेळत बसायचे नसतात. एकूण 5 ते 18 तासांचं प्रशिक्षण सर्वांत परिणामकारक ठरलं, आणि खेळासोबत अक्षरं समोर असतील तर फायदा आणखी मोठा. नुसत्या तोंडी खेळांत महिने घालवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण हे बहुतेक संशोधन इंग्रजीवरचं आहे, ते जसंच्या तसं देवनागरीवर चिकटवता येत नाही. आपल्या लिपीचं एकक सुटा ध्वनी नाही, अक्षर आहे. 'क' मध्ये 'अ' आधीच दडलेला असतो, आणि काना-मात्रा-वेलांटी लागली की तो जाऊन दुसरा स्वर येतो. इंग्रजीत 26 अक्षरं, आपल्याकडे नुसती बाराखडीची चौकट 400 च्या वर जाते, जोडाक्षरं वेगळीच. कन्नडही अशीच अक्षरलिपी. सोनाली नाग यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या कन्नडवरच्या अभ्यासात दिसलं की मुलांचं अक्षरज्ञान पहिल्या वर्षात पुरं होत नाही, ते चौथीपर्यंत वाढत राहतं, आणि सुट्या ध्वनींची जाणही हळूहळूच येते. म्हणून 'पहिलीत सगळी बाराखडी झाली' या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. तोंडाने म्हणून झाली असेल, वाचून झालेली नसते.

तपासून बघा. बाराखडीतल्या 'कु' वर बोट ठेवा आणि मुलाच्या ओठांकडे बघा. पुष्कळदा ते हळूच 'क का कि की' पुटपुटत तिथपर्यंत पोचतं. म्हणजे ते ओळ म्हणतंय, चिन्ह वाचत नाहीये. उपाय सोपा आहे: बाराखडी आडवी म्हणून घेणं थांबवा. 'की, मी, नी, ली' अशी उभी वाचायला द्या, म्हणजे वेलांटीचं काम काय ते कळतं. मग तिरकी, मग विस्कटून.

याहून मोठी चूक क्रमाची. आधी सगळी मुळाक्षरं क पासून ज्ञ पर्यंत, मग बाराखडी, मग शब्द. या वाटेने मुलाच्या हाती पहिला खरा शब्द पडायला महिने जातात, आणि तोवर वाचन म्हणजे पाठांतर अशी त्याची पक्की समजूत होते. त्याऐवजी अक्षरगट घ्या. क, म, न, ल ही चारच अक्षरं आणि सोबत काना. काना नसेल तर 'कमल', 'नकल', 'नमन' अशा मोजक्या शब्दांवर गाडी थांबते. काना आला की काम, कान, नाक, मान, माल, लाल, काल, मला, नका, कमान, कमाल, काका, मामा, नाना. त्यात दुसरी वेलांटी घातली की 'काल मामाला काम कमी' असं अख्खं वाक्य वाचता येतं, तेही चार अक्षरं आणि दोन चिन्हांवर. मुलाने आयुष्यातलं पहिलं वाक्य कुणाच्याही मदतीशिवाय वाचणं, ही गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घडू शकते. ती सहा महिने लांबवायचं काही कारण नाही.

गट करताना दिसायला सारखी अक्षरं एकत्र आणू नका. ब-व, भ-म, घ-ध, थ-य, ड-इ, ट-ढ. एक पक्कं होऊ द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग दुसरं. 'फरक नीट कळावा' म्हणून दोन्ही एकाच दिवशी शिकवली की मुलाच्या डोक्यात ती जोडीनेच बसतात आणि पुढे कायम गोंधळ. पहिली आणि दुसरी वेलांटी, पहिला आणि दुसरा उकार यांनाही हाच नियम.

आता शब्द जुळवणं. बहुतेक मुलं इथेच अडतात, आणि आपण 'अजून सराव कर' म्हणून मोकळे होतो. 'न ला काना ना, क, नाक' ही पद्धत ऐकायला शिस्तशीर वाटते, पण शब्द तीन-चार अक्षरांचा झाला की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. लहान मुलाची तात्पुरती स्मृती तेवढी पुरत नाही. त्याऐवजी कागदाच्या पट्टीने शब्द झाका आणि एकेक अक्षर उघडा. 'माकड' असेल तर आधी 'मा', तो आवाज धरून ठेवायचा, मग 'माक', मग 'माकड'. मध्ये श्वास तोडायचा नाही.

आणि इथे एक खास आपला खड्डा आहे. मूल क-म-ल असं प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणतं, शेवटचा 'ल' ही लांबवतं, आणि जो आवाज तयार होतो तो त्याने कधीच ऐकलेला नसतो. बोलताना आपण शेवटचा 'अ' गाळतो, पण लिपी हे गाळणं दाखवत नाही. तेव्हा विचारायचं, "आपण बोलताना कसं म्हणतो?" तेवढ्याने शब्द उजळतो. कच्चा उच्चार करून तो ओळखीच्या शब्दाशी जुळवून घेणं हे कौशल्य मुद्दाम शिकवावं लागतं. 'चाक' आणि 'चार' मधला च वेगळा आहे, 'खांब', 'घंटा', 'अंक' यांतल्या टिंबाचा आवाज तिन्ही ठिकाणी वेगळा आहे, आणि कागदावर काहीच फरक दिसत नाही. हा अंदाज नव्हे. अंदाजात अक्षरं वगळली जातात, इथे सगळी अक्षरं वाचून मग उच्चार दुरुस्त केला जातो.

पहिल्या वेलांटीपाशी थोडं थांबा. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे जायचं असं आपणच शिकवलेलं असतं, त्यामुळे मूल चक्रावतं किंवा ती वेलांटी आधीच्या अक्षराला लावून टाकतं. बोट आधी व्यंजनावर ठेवायचं, मग मागे वेलांटीवर, हे हाताला धरून दाखवा. रफाराचं याच्या उलट: 'पर्वत' मध्ये तो बसतो 'व' वर आणि उच्चारला जातो 'व' च्या आधी. र, क्र, ट्र, र्व, ऱ्य ही सगळी एकाच र ची रूपं आहेत, हे एका फळ्यावर एकत्र दाखवायला हवं, पण एकेक रूप पक्कं झाल्यावर.

घरात 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचत असेल तर ती वाचनाची चूक धरू नका. त्याने शब्द उलगडला, अर्थ पोचला, आणि आपल्या बोलीत म्हटला. तिथे टोकणं म्हणजे बरोबर वाचल्याची शिक्षा आहे, आणि याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही.

खरी चूक झाली तर काय करायचं? तीन-चार सेकंद थांबायचं. नेमक्या अक्षराखाली बोट ठेवायचं, "हे काय?" एवढंच विचारायचं. आलं तर शब्द पुन्हा पूर्ण वाचायचा, मग वाक्य सुरुवातीपासून. नाही आलं तर सरळ सांगून टाकायचं, कोडी घालायची नाहीत. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी अडत असेल तर तो मजकूर आज त्याच्यासाठी नाही, सोपा घ्या.

रोज अर्धा तास पुरे. पाच मिनिटं जुनी आठ-दहा अक्षरकार्डं विस्कटून, पाच मिनिटं नवीन अक्षर किंवा चिन्ह, दहा मिनिटं शब्द जुळवणं, पाच मिनिटं श्रुतलेखन, उरलेली पाच शिकलेल्याच अक्षरांचा छोटा मजकूर. श्रुतलेखन वगळू नका. ऐकलेला शब्द फोडून लिहिताना अक्षर आणि आवाज यांची गाठ जितकी घट्ट बसते तितकी नुसतं बघून बसत नाही. अक्षरं उलटी लिहिली तर घाबरूही नका. आरशातली प्रतिमा आणि मूळ वस्तू एकच मानणं ही मेंदूची जन्मजात सवय आहे, अक्षरांपुरती ती मोडायला वेळ लागतो.

ओघासाठी शंभरेक शब्दांचा उतारा तीन-चार वेळा मोठ्याने, ऐकणारं कुणीतरी शेजारी. वर्गात एकाने वाचायचं आणि बाकी तीसजणांनी बोट ठेवून बसायचं, यात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर वाचन येतं. त्याऐवजी दोन-दोन मुलांच्या जोड्या लावा.

या अर्ध्या तासाबाहेर, रोज पंधरा-वीस मिनिटं, मोठ्यांनी वाचून दाखवायचं. ते पुस्तक मुलाला स्वतःला वाचता येण्यापेक्षा बरंच अवघड हवं. गुणाकाराच्या सूत्रातली दुसरी बाजू, म्हणजे भाषा समजणं, भरते ती इथेच. रेक्ट आणि लेस्ली यांच्या 1988 सालच्या प्रयोगात बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला होता, आणि खेळ जाणणारी कच्ची वाचक मुलं खेळ न जाणणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा सरस ठरली. आकलन बरंचसं आधीच्या माहितीवर उभं असतं. म्हणून वाचून दाखवताना फक्त गोष्टी नकोत. झाडं, यंत्रं, ग्रह, नद्या, इतिहास, सगळं हवं. प्रत्येक वेळी दोन-तीन नवे शब्द थांबून समजवा आणि दुसऱ्या दिवशी बोलण्यात मुद्दाम वापरा.

मूल खरंच वाचतंय का हे बघायची माझ्या मते सर्वांत प्रामाणिक चाचणी निरर्थक शब्दांची आहे. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीतल्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात, त्यातले 20 खोटे असतात, कारण खोटा शब्द पाठ असूच शकत नाही. शिकवलेल्या अक्षरांतूनच असे दहा शब्द करा: लेमा, तीमू, नुला, केनो. मुलाला आधीच सांगा की हे गमतीचे शब्द आहेत, यांना अर्थ नाही. 'लेमा' चं 'लमा' झालं तर मात्रा कच्ची आहे. 'तीमू' चं 'तीमी' झालं तर उकार पुन्हा घ्या. सगळी अक्षरं सुटी बरोबर आली पण शब्द जुळला नाही, तर नवीन अक्षर आठवडाभर थांबवा आणि ती कागदाची पट्टी पुन्हा हातात घ्या.