'अनसेफ' कॅशेचा तो मेसेज: दाजी, हात लावू नका

कोल्हापुरातल्या कारखानदारांच्या आणि अकाउंटंट मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'अकाउंटिंगचा सर्व्हर व्हीएममध्ये टाका, डिस्कचा कॅशे "अनसेफ" करा, वेग तिप्पट. यूपीएस असल्यावर डेटाला धोका नाही. रोज एक स्नॅपशॉट घेतला की वेगळा बॅकअप नको. रेड १ असेल तर प्रश्नच मिटला.' तो उद्यमनगरात आमच्या दाजींपर्यंत पोचला आणि 'आजच करून टाकू का?' असा त्यांचा फोन आला. नका करू.

आधी ते 'अनसेफ'. व्हीएम म्हणजे एका खऱ्या मशिनच्या (होस्टच्या) आत चालणारं आभासी मशिन, आणि कॅशे म्हणजे डिस्कवर जाण्याआधी डेटा तात्पुरता थांबतो ती जागा. 'अनसेफ'ने वेग वाढतो, हे खरं. कशामुळे वाढतो ते मात्र मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. व्हाउचर सेव्ह करताना डेटाबेस आधी जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नोंद लिहितो आणि डिस्कला 'फ्लश' सांगतो: आतापर्यंत दिलेलं सगळं पक्कं लिही, मगच हो म्हण. 'अनसेफ'मध्ये क्यूएमू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, हा फ्लश खाली पोचवतच नाही. 'झालं' म्हणून मोकळा होतो आणि डेटा होस्टच्या रॅममध्ये पडून राहतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये रॅममधलं असं पान (डेटाचा छोटा तुकडा) साधारण ३० सेकंद जुनं झालं की लिहिण्याच्या रांगेत लागतं.

मग काय, शेवटच्या अर्ध्या मिनिटाची बिलं पुन्हा मारू? तेवढ्यावर निभावत नाही. होस्ट ही पानं आपल्या सोयीच्या क्रमाने लिहितो. नंतरचं आधी पोचतं, आधीचं राहून जातं, आणि जर्नलची सगळी मदार त्या क्रमावरच असते. व्हीएमची डिस्क क्यूकाऊ२ प्रकारच्या फाइलमध्ये असेल तर कुठला भाग कुठे ठेवलाय हे सांगणारे तिचे तक्तेच अर्धवट राहू शकतात. मग एक बिल जात नाही, अख्खी डिस्क उघडत नाही. हे माझं मत नाही. क्यूएमूच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की हे सेटिंग असताना होस्टची लाईट गेली किंवा स्टोरेज चुकून सुटलं, तर इमेज बहुधा निकामी होईल. फेकून द्यायच्या टेस्ट व्हीएमला ते खुशाल लावा. जीएसटीच्या डेटाला नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये (क्यूएमूवर व्हीएम चालवणारी सर्व्हर प्रणाली) मुळात असलेलं 'नो कॅशे' तसंच राहू द्या. 'राइटबॅक'सुद्धा चालतं, कारण त्यात फ्लश पाळला जातो. फक्त विंडोज व्हीएममध्ये डिव्हाइस मॅनेजर, डिस्क, पॉलिसीज इथे जाऊन बफर फ्लशिंग बंद करणारी टिक नाही ना, ते बघा. व्हर्च्युअलबॉक्स हा दुसरा व्हीएम प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तिथे वेगासाठी फ्लश एरवी दुर्लक्षितच होतो. 'इग्नोअरफ्लश' या सेटिंगची किंमत ० करावी लागते, तीही प्रत्येक डिस्कला वेगळी.

एवढं करून सर्व्हर रडतोय? मग दोष बहुधा घरगुती एसएसडीचा. प्रत्येक फ्लशला तिला खरोखर चिपवर लिहावं लागतं. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या एसएसडीत कपॅसिटर असतात. लाईट गेली तरी आतला कॅशे उतरवण्याइतकी वीज त्यांच्यात असते, म्हणून ती फ्लशला लगेच हो म्हणू शकते. पैसे तिथे घाला.

यूपीएसचं अर्धं खरं आहे, मान्य. पण होस्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उडाला, कर्नल पॅनिक होऊन सिस्टिमच कोलमडली किंवा झाडताना कुणी पिन काढली, तर यूपीएस काय करणार? आणि यूएसबी केबल होस्टला जोडून बॅटरी उतरल्यावर आधी व्हीएम, मग होस्ट आपोआप बंद होईल असं लावलं नसेल, तर तो यूपीएस नुसता मरण पुढे ढकलतो.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची त्या क्षणाची टिपून ठेवलेली अवस्था. क्यूकाऊ२चा अंतर्गत स्नॅपशॉट त्याच फाइलमध्ये बसतो. फाइल गेली की दोन्ही गेले. ओव्हरले (नवे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिणारा स्नॅपशॉट) बनवलात तर तो मूळ फाइलवरच उभा असतो, तिला हात लावता येत नाही. व्हीएमवेअर या व्हीएम सॉफ्टवेअरच्या कंपनीचाही सल्ला स्पष्ट आहे: स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका आणि एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. अपडेट टाकण्याआधी घ्या, काम झालं की काढा.

रेड १वर, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा ठेवण्यावर, काय बोलायचं! चुकून पुसलेला कंपनीचा डेटा दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसला जातो. डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

बॅकअप म्हणजे रोज रात्री वेगळ्या मशिनवर जाणारी स्वतंत्र प्रत. प्रॉक्समॉक्समध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) टाकून सुरू ठेवा, म्हणजे बॅकअप सुरू होताना फाइल सिस्टिम क्षणभर गोठवली जाते. एक प्रत जागेबाहेर हवीच. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा सर्व्हर शाहूपुरीत तळमजल्यावर असेल तर दुसरी डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको. आणि साप्ताहिक सुट्टीला एकदा रिस्टोअर करून बघा: नवा व्हीएम नंबर द्या, सुरू करण्याआधी नेटवर्क कार्डचं कनेक्शन तोडा, नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर भांडतील. मग आत जाऊन आदल्या दिवशीचं शेवटचं व्हाउचर उघडतंय का ते तपासा.