तरणा कोंबडा बिघडवण्याची खात्रीशीर पद्धत

पाच महिन्यांच्या कोंबड्याला भिऊन छत्री घेऊन कपडे वाळत घालायला जाणं, यात लाजण्यासारखं काहीही नाही. कोपरखैरण्याच्या रो-हाऊसमागे जी चिंचोळी मोकळी जागा असते ती कागदोपत्री तुमची, पण ताबा कोणाचा हे साऱ्या गल्लीला ठाऊक असतं. धुणंभांडीवाल्या मावशी मागच्या दाराने यायच्या बंद झाल्या. मुलाचा बॉल तिकडे गेला की तो गेला. काहींच्या घरी मात्र अजून कोंबडाच माणसाला बिचकतो. अशा मागासलेल्या कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात खरेदीपासून करा. बाजारात टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात, तीच आणा. अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत माद्या ठेवून घेतात, नर कोणालाच नको असतात. रंग चढवला की त्यांनाही गिऱ्हाईक मिळतं. त्यामुळे जगली-वाचली तेवढी बहुतेक नरच निघतील. जाणकार आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. तुम्ही दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि चार नर ठेवा. थोड्याच दिवसांत तलंगांच्या पाठीवरची पिसं जातील, त्या खुराड्याच्या कोपऱ्यातून बाहेर यायच्या नाहीत. लोकांना सांगा, थंडी लागतेय. आणि कोणी म्हणालं की अंड्यांसाठी नराची गरजच नसते, तो फक्त पिल्लं हवी असतील तर लागतो, तर त्याला पुन्हा घरी बोलावू नका.

मग लाड. पिल्लाला हातावर खेळवा, सोफ्यावर बसवा, तळहातावरून कणी भरवा, नाव ‘शेरू’ ठेवा. माणसाची भीती जन्मजात असते, ती अशी मुळापासून काढावी लागते. मोठा झाल्यावर त्याची पक्की समजूत होते की तुम्ही त्याच्याच कळपातले, फक्त जरा उंच आणि मंद.

चार-पाच महिन्यांचा होताच तुरा लालभडक होतो आणि अंगात वारं शिरतं. एक दिवस तो एक पंख जमिनीला टेकवून, तिरका तिरका चालत तुमच्याभोवती फिरेल. मानेची पिसं उभी राहतील, डोळा तुमच्या पोटरीवर असेल. हे आव्हान आहे. तुम्ही मात्र ‘आमचा शेरू नाचतो’ म्हणून रील काढा.

त्यानंतरची झडप पोटरीवरच बसेल. इथे दोनच मार्ग. पहिला, पळणे. तुम्ही पळालात की त्याच्या हिशेबी एक लढाई जिंकून झाली. उद्या तो खुराड्यापासून नव्हे, दारापासूनच मागे लागेल. दुसरा, लाथ मारणे. त्यातून त्याची खात्री पटते की समोरचा खरोखरच प्रतिस्पर्धी आहे, आणि प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा पुन्हा लढायचं असतं. सगळ्यात उत्तम म्हणजे घरात एकमत ठेवू नका. बाबांनी लाथ मारावी, आईने जाळीतून गहू टाकून मनधरणी करावी, आजीने ‘माझं बाळ ते’ म्हणावं.

जागेवर ठाम उभं राहणं, तो मागे सरेपर्यंत पाऊल न हलवणं, त्याच्या अंगावर धावून न जाता त्याच्याच वाटेने सरळ चालत जाणं, किंवा शांतपणे उचलून काखेत धरून त्याचा आवेश ओसरेपर्यंत धुणी वाळत घालणं, असले प्रकार कटाक्षाने टाळा. रोज घरातल्या प्रत्येकाने तसं केलं तर बरेचसे कोंबडे वठणीवर येतात. मग त्या छत्रीचं काय करायचं?

गावठाणातल्या एखाद्या आजी डोकावतील. त्यांच्या अंगणात जन्मभर कोंबड्या. त्या म्हणतील, “बाय, चारातले तीन कमी कर. उरलेल्याला हातातून खायला घालू नको, नि पोराला एकटं तिकडं सोडू नको. कोंबडा तोंडावर उडतो.” अशा अडाणी सल्ल्याकडे लक्ष देऊ नये. त्यांनी कुक्कुटपालनाचा एकही व्हिडिओ पाहिलेला नाही. पायामागच्या काट्याने झालेली जखम बारीक पण खोल असते आणि तो काटा चिखलाविष्ठेतून फिरून आलेला असतो, त्यामुळे जखम धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी लागते. तेवढ्यासाठी एक सुट्टी राखून ठेवा.

शेजाऱ्यांची काळजी नको. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते हे शेरूने वाचलेलं नाही. तो उजेडाचीही वाट बघत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कोंबडा आतल्या घड्याळावर आरवतो; सतत मंद उजेडात ठेवला तरी त्याची पहाट होतेच. म्हणजे खुराड्यावर गोणपाट टाकून काही उपयोग नाही, हे आपल्याकडे ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ म्हणणाऱ्यांनी फुकटात सांगून ठेवलं होतं. चार नर असतील तर मान सर्वात वरच्याचा. तो आधी आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीने मागून. शेजारचे काका साडेचारला छताकडे बघत हा मानपान ऐकत पडतात. शेरूला त्रास नाही. आरवताना त्याचा स्वतःचा कान आतून बराचसा झाकला जातो. जगाला ऐकवायचं आणि आपण ऐकायचं नाही, ही सोय निसर्गाने आणखीही काही जणांना दिलेली दिसते.

आता शेवटचा प्रश्न. चारजण हळूच सुचवतील की आषाढी अमावस्या जवळ आलीय. त्यांच्याकडे दुखावल्या नजरेने बघा. शेरू घरचा आहे! दर रविवारी तुम्ही दीड किलो आणता, तो ब्रॉयलर. तो पाच-सहा आठवड्यांतच कापला जातो, त्याला तुरा मिरवायची संधीच मिळत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही. फारच झालं तर शेरूला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेऊन ‘निसर्गात मुक्त’ करा आणि फोटो टाका. तिथल्या बिबट्याला फोटोखालच्या कमेंट वाचता येत नाहीत.

येऊर लांब पडत असेल तर मुरबाडच्या मावशीकडे पाठवा. ती हसून ठेवून घेईल. पुढच्या फोनवर पावसाची, भाताच्या लावणीची, मावशीच्या गुडघ्याची चौकशी करा. शेरू कसा आहे हे विचारू नका, आणि तिने रश्शाची पाककृती सांगायला घेतली तर नेटवर्क गेलं म्हणा.