बास्केटबॉलचे नियम बदलायचेत? व्हिडिओ काढा, पाय सोडून

मुलगा सोळा वर्षांखालच्या संघात आहे, हातात चांगला मोबाईल आहे आणि रात्री दोनपर्यंत अमेरिकेतल्या एनबीए लीगचे रील बघायची सवय आहे? मग बास्केटबॉलचे नियम बदलायला लागणारी सगळी पात्रता तुमच्यात आहे. नियमांचं पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर राहू द्या, त्याने उगाच गोंधळ होतो. वीस वर्षं शिट्टी फुंकलेल्या पंचाचे हे चार सल्ले तेवढे घ्या. गेल्या रविवारी एका शालेय स्पर्धेत पंच होतो. सोमवारी सकाळी ग्रुपवर एका पालकांचा 'नियमबदलाचा प्रस्ताव' येऊन पडला. नऊ कलमं आणि प्रत्येक कलमापुढे जोडलेले हात. सल्ले त्यावरूनच सुचले.

सुरुवात नेहमी 'एनबीएत चालतं' या वाक्याने करावी. तिथे सामना ४८ मिनिटांचा, आपल्याकडे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमाने ४०. तिथे सहाव्या फाउलला घरी, इथे पाचव्या. असल्या किरकोळ गोष्टींत अडकू नका. आणि २०२५ मध्ये तिथले कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी स्वतःला दहा मिनिटांचे क्वार्टर आवडतील असं म्हटलं, म्हणजे आपल्याकडे आहेत तेच, हे तर कुणाला सांगूच नका.

रिंग उंच करा, हे कलम तीन. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या जिममध्ये गॅलरीचा कठडा दहा फुटांवर होता, खेळाचे जनक नेस्मिथसाहेबांनी टोपली तिथे ठोकली आणि ते दहा फूट तसेच राहिले. आमच्या मैदानावर पोरांनी लोंबकळून लोंबकळून एक रिंग बरीच खाली आणली आहे. बदल सुरू झालाय, दिशा तेवढी चुकली.

चार गुणांची रेषा हवी? रंग घेऊन या. फिबाने २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली, पण आमच्या सिमेंटवर अजून दोन्ही नांदतायत, शिवाय रिंगसमोरच्या आखलेल्या भागाची, म्हणजे 'की'ची, जुनी तिरकी आखणी, नवी चौकोनी आखणी आणि वरून व्हॉलीबॉल. पोरगं कुठल्या रेषेमागून मारतंय हे ते हवेत असताना ठरवावं लागतं.

ट्रॅव्हलिंगबद्दल, म्हणजे चेंडू हातात धरून जादा पावलं टाकण्याबद्दल, बोलताना 'झिरो स्टेप' म्हणायचं. मोठा गुणकारी शब्द आहे. २०१७ मध्ये फिबाने एवढंच केलं की पळता पळता चेंडू ताब्यात येताना जो पाय जमिनीवर असेल तो मोजायचा नाही, पुढची दोन पावलं मोजायची. उभ्या खेळाडूने ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटायच्या आधी पिव्हटचा, म्हणजे जमिनीवर टेकवून ठेवायचा, पाय उचलला, तर ते तेव्हाही ट्रॅव्हलिंग होतं आणि आजही आहे. पण 'झिरो स्टेप, झिरो स्टेप' असं दोनदा ओरडलं की त्यात तीन पावलं बसतात, चार बसतात. आपल्या चिरंजीवांची तर अख्खी प्रदक्षिणा बसली.

फ्लॉपिंगची, म्हणजे धक्का लागल्याचं नाटक करून पडण्याची, शिक्षा जरूर वाढवा, समोरच्या संघासाठी.

शिट्टी उशिरा वाजते, कलम सहा. हे दुखणं रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या पंचाला कळलं होतं. १९८४ मध्ये ऐन सामन्यात त्याच्या शिट्टीतली गोळी अडकली, वाजलीच नाही. त्याने बिनगोळीची शिट्टी बनवली, १९८७ पासून ती विकली जाते, माझ्या गळ्यात तीच आहे. तक्रार कशी करायची ते त्याच्याकडून शिकावं, पण त्याला बराच वेळ लागतो. तुम्हाला ऑफिस असतं.

आता कलम सात, व्हिडिओ रिव्ह्यू. एनबीएत २०१९ पासून कोचला पंचाच्या निर्णयाविरुद्ध चॅलेंज मिळतं आणि तिथलं चित्रण न्यू जर्सीत सीकॉकसच्या केंद्रात जातं. चॅलेंज फसलं की टाइमआउट जातो. आमच्याकडे टेबलावर अकरावीतला एक पोरगा बसतो, तोच शॉट क्लॉक. मोबाईलच्या स्टॉपवॉचकडे बघत शेवटची पाच सेकंदं ओरडून सांगतो. २४ सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकायचा नियम एनबीएत १९५४ ला आला, फिबाकडे २००० ला, आमच्याकडे त्याची बॅटरी टिकेल तसा येतो. आपला फेकलेला चेंडू रिंगला लागून परत आपल्याच हातात आला की घड्याळ १४ वर आणायचं असतं, तेव्हा त्याचा चेहरा गणिताच्या पेपरसारखा होतो. या व्यवस्थेत रिव्ह्यू कसा घ्यायचा, ते रविवारी बघायला मिळालं. चाळीस सेकंदं उरलेली, एका गुणाचा फरक. माझ्या जोडीच्या पंचांनी ट्रॅव्हलिंग दिलं, मुठी फिरवून दाखवलं. तर प्रस्ताववाले हे गृहस्थ चपलांसकट कोर्टात, मोबाईल माझ्या नाकासमोर. "सर, क्लिअर दिसतंय." मी पाहिलं. मुलगा, मुलाचा चेहरा, मागे शाळेची पाण्याची टाकी. परत पाहिलं. सगळं चित्रण कमरेच्या वर! ट्रॅव्हलिंग पायाने होतं हो! पाय कुठायत? पाण्याच्या टाकीत?

आणि मग माझ्याकडे काही जमेना म्हणून तुम्ही माझ्या जोडीच्या पंच मुलीकडे वळलात. एकोणीस वर्षांची आहे ती. पंच परीक्षा पास होऊन पहिलाच मोसम. "तुला कुणी दिली गं शिट्टी?" असं विचारलंत, दोनशे लोकांसमोर, आणि कट्ट्यावरची मंडळी हसली. तिने चेंडू टेबलाजवळून उचलला, साइडलाइनवर जाऊन समोरच्या संघाला थ्रो-इन दिला. हात थरथरत होता तिचा. निर्णय बरोबर होता, मी पलीकडून पिव्हट सुटलेला पाहिला होता. पण चुकला असता तरी तुम्हाला काय अधिकार होता? तुमचा मुलगा खाली मान घालून उभा होता तेव्हा, ते नाही आलं व्हिडिओत? तीन पंच आमचे गेल्या मोसमात सोडून गेले, मानधन पेट्रोलात जातं म्हणून नाही, तुमच्यासारख्यांमुळे. नियम बदलून काय करणार, ते लावायला माणूस उरू द्याल तर ना!

पुढच्या रविवारी सकाळी सातला पहिला सामना आहे, टेबलावर स्कोअरर नाहीये. पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला लाल आणि दुसऱ्या-चौथ्याला निळं, अशी दोन पेनं घेऊन या आणि चाळीस मिनिटं तोंड बंद ठेवून बसून दाखवा. चपला बाहेर काढा.