साक्षीदार सापडला, म्हणून वाद संपला?

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला: 'इतिहासाचा युक्तिवादात्मक निबंध: पाच हमखास नियम'. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे तो पोचलाय म्हणे. ही बाईसाहेब त्याबरहुकूम पानिपतच्या लढाईआधीच्या मराठे-अब्दाली तहाच्या बोलण्यांवर निबंध लिहूनही मोकळी झाली. म्हणून हा वैताग.

पहिला नियम, 'अवतरणे जास्त तर गुण जास्त'. तिच्या दोन पानांत अकरा अवतरणे आणि स्वतःचे म्हणणे एक ओळ. पुढे.

खरा घातक दुसरा: 'प्रत्यक्षदर्शीने लिहिले असेल तर वाद संपला.' अहो, वाद तिथेच सुरू होतो! भाचीचे म्हणणे, तह फिसकटला तो अब्दालीचा साथीदार, रोहिला सरदार नजीबखान याच्यामुळेच, कारण काशीराज पंडित तसे सांगतो. काशीराज तिथे होता, कबूल. पण कुणाच्या गोटात? अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. लढाई १४ जानेवारी १७६१ची आणि त्याने फारसीत हकिकत लिहिली १७८० मध्ये. एकोणीस वर्षांपूर्वीची बोलणी कुणाला शब्दशः आठवतात? शिवाय त्या हकिकतीत तह व्हावा म्हणणारा शहाणा कोण, तर त्याचाच धनी शुजा. मोडता घालणारा नजीब.

मग काशीराज टाकून द्यायचा? मुळीच नाही. भाऊसाहेबांची तहाची पत्रे आपल्याकडेच येत होती, असे तो सांगतो. मराठ्यांना अखेरीस तह हवा होता, याला त्याची साक्ष वजनदार. अब्दालीच्या मनात काय होते, याला तीच साक्ष लंगडी. माणूस एकच, पण प्रश्न बदलला की त्याचे वजन बदलते. हे निबंधात लिहून दाखवायचे असते, नुसते 'काशीराज म्हणतो' लिहून भागत नाही.

तिसरा, 'विरुद्ध पुरावा वगळा, मत ठाम दिसते'. तपासणाऱ्याला तो पुरावा ठाऊक नसतो, असे वाटते की काय? माझ्यावरच उलटवून बघा. धन्याच्या भलामणीचा संशय मी घेतला खरा, पण १७८० साली शुजाला जाऊन पाच वर्षे झाली होती, नजीब तर त्याआधीच गेलेला. मेलेल्याची खुशामत कोण करतो? संशय ढिला पडतो. सुटत मात्र नाही, कारण अवधच्या गादीवर तेव्हा शुजाचाच मुलगा असफउद्दौला होता. एवढी ओढाताण कागदावर आली की मत आपोआप ठाम दिसते.

चौथा, 'मला वाटते असे लिहू नका'. बरं, हे निम्मे मान्य. पुढे 'कारण' येणार नसेल तर खरेच लिहू नका. पाचवा म्हणतो, निष्कर्ष शेवटपर्यंत लपवा. रहस्यकथा आहे का ही?

सकाळी भाचीचा नवा मसुदा आला. पहिलेच वाक्य: 'काशीराज दोष नजीबखानावर ठेवतो, पण तो शुजाच्या छावणीतून पाहत होता, म्हणून एवढ्या एका साक्षीवर नजीबला एकट्याला दोषी धरता येत नाही.' अकरापैकी तीन अवतरणे उरली होती. त्यातलेही एक मी खोडले.