धारेवर धरलेला माणूस

आमच्या घरी सुरीला धार लावण्याचं शास्त्र कपाच्या बुडाशी सुरू होऊन तिथेच संपायचं. आई चहाचा कप पालथा घालायची, बुडाच्या त्या खरखरीत कडेवर सुरी दोनदा खर्र खर्र ओढायची आणि भाजीला लागायची. यात सुधारणा करायची बुद्धी मला एका रविवारी झाली, कारण मी कोशिंबिरीसाठी पिकलेल्या टोमॅटोवर सुरी दाबली आणि टोमॅटो चिरण्याऐवजी फुटला. बिया थेट चष्म्यावर.

मोबाईलवर तासभर खोदकाम केल्यावर कळलं की धार लावणाऱ्यांत दोन पंथ आहेत. हातपंथी लोक ओल्या दगडावर नुसत्या हाताच्या अंदाजाने सुरी घासतात. यंत्रपंथी लोक सुरी चिमट्यात पकडतात आणि सळईला बसवलेला दगड ठरलेल्या कोनात फिरवतात. याला म्हणे ‘गाइडेड’ पद्धत म्हणतात. मी अख्खी दहावी गाईडवर काढलेला माणूस. शब्द वाचताच आपलेपणा वाटला. साडेचार हजारांचं यंत्र मागवलं. सुरी एकशेवीस रुपयांची आहे हे बायकोने एकदाच सांगितलं, पण शेजारी ऐकू जाईल असं.

यंत्रावर पंधरा अंश लावले आणि अर्धा तास दगड ओढला. धार शून्य. धारेवर मार्करने काळी रेघ ओढून बघायची युक्ती मग सापडली. जिथली शाई जाते तिथेच दगड लागतो. माझी शाई धारेवर जशीच्या तशी, पुसली होती ती तिच्या वरच्या अंगाला. सुरीचा मूळचा कोन वीस-बावीस अंशांचा असणार. म्हणजे अर्धा तास मी तिच्या पोटाला गुदगुल्या करत होतो. कोन वाढवला तर मधला भाग तेज झाला, टोक मात्र ठोंब्याच राहिलं, कारण चिमटा मध्ये आणि टोक लांब. वर पात्यावर चिमट्याचे दोन ओरखडे.

शेजारचे काका आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं घडवायच्या विभागात होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि नुसतंच “हं” म्हणाले. “चार रेघी वही झाली, आता कोऱ्या कागदावर लिही.” मग हजार नंबरचा जपानी दगड आला (बिल बायकोला दाखवलं नाही). तो आधी पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. अशा दगडांत बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे आपला कुरुंदच. इंग्रजीतलं ‘कोरंडम’सुद्धा तमिळच्या ‘कुरुंदम’वरून गेलेलं. घरचंच शहाणपण जपानहून कुरिअरने आलेलं पाहून खिशाला जरा जास्तच झोंबलं.

“कोन कसा धरू?”

“काटकोनाचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याहून जरासा खाली.”

मी घासायला लागलो. काका दोन मिनिटं बघत राहिले. “सुरी घासतोयस की बाळ झोपवतोयस?” माझं मनगट झुलत होतं आणि धार गोल होत होती. दगडावर आलेला करडा गाळ मी इमानदारीने धुतला तेव्हा तर ते ओरडलेच, “अरे, तोच तर कापतो!”

तिसऱ्या रविवारी दगडाचा आवाज बदलला. खरखर बसली आणि रेशमी सळसळ आली. पात्याच्या दुसऱ्या बाजूवरून अंगठा आडवा, बाहेरच्या दिशेने फिरवला तर अख्ख्या लांबीवर बारीक काठ लागला. “बर आली,” काका म्हणाले. बर म्हणजे घासताना धारेच्या पलीकडे वळलेली धातूची बारीक कड. ती हलक्या हाताने काढली आणि पेपरचा कागद असा चिरला गेला की अग्रलेखाला कळलंही नाही.

यंत्र वाईट नाही हो. नवशिक्याचा कोन ते घट्ट धरून ठेवतं. पण ते जोडायला वीस मिनिटं, आणि घरात भूक त्याच्या आधी लागते. ते सध्या माळ्यावर आहे, पुरणयंत्राच्या शेजारी.

सोमवारी सकाळी ती सुरी मी आईच्या हातात दिली. “जपून. टेकवलीस तरी चिरेल.” आईने टोमॅटो घेतला, ताट ओढलं, ओट्यावरचा कप पालथा घातला आणि सुरी त्याच्या बुडावर दोनदा ओढली. खर्र. खर्र.

मग टोमॅटोची पातळ चकती ताटात पडली.

“बघ,” आई म्हणाली, “आता कशी चालतेय.”