खिडकीतला दिवा कोणी लावायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. अमेरिकेतील मोंटाना राज्यात बिलिंग्ज नावाचे शहर आहे. तिथे डिसेंबर 1993 मध्ये, मेनोराचे, म्हणजे या सणात लावायच्या अनेक फांद्यांच्या दिव्याचे, चित्र लावलेल्या एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीवर कोणीतरी दगड भिरकावला आणि त्यानंतर ज्यू नसलेल्या हजारो घरांनी आपापल्या खिडक्यांत मेनोरा लावला, ही हकिगत मी त्या लेखात सांगितली होती. पोलीस सेवेत आयुष्य घालवलेल्या आपल्याला ती पटली नाही. आपले म्हणणे असे की, खिडकीतली सजावट उतरवा, असे त्या मुलाच्या आईला सांगणारा पोलीसच व्यवहारी होता. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर जे घडले, त्यानंतरही उघड्यावरच्या दिव्यांचे कौतुक करणे म्हणजे लांब बसून दुसऱ्याची मुले पणाला लावणे आहे. आणि लोकांनी खिडक्यांत लावलेल्या कागदी मेनोऱ्यांनी कोणाचेही रक्षण होत नाही, असेही आपण लिहिले आहे.

धोक्याविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. 14 डिसेंबर 2025 रोजी, हनुक्काच्या पहिल्याच संध्याकाळी, बाँडाय येथे सणासाठी जमलेल्या कुटुंबांवर गोळीबार झाला आणि 15 माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वी, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये, जर्मनीतील हाले शहरात योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी सिनेगॉगमधील, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातील, पन्नासएक माणसे वाचली ती केवळ बंदूकधारी हल्लेखोरापुढे बंद दरवाजा टिकला म्हणून. तिथे रस्त्यावर आणि जवळच्या खानावळीत जी दोन माणसे मारली गेली, ती ज्यू नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भक्कम दरवाजा, पहारा आणि वेळेवर येणारे पोलीस यांना पर्याय नाही, आणि तसे मी कुठेही सुचवलेले नाही.

परंतु दिवा दाखवणे हे ज्यू कुटुंबाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी त्याने वाटेल ते सोसावे, असा आग्रह मी धरतो आहे, असे आपण गृहीत धरले आहे. खुद्द ज्यू परंपराही असा आग्रह धरत नाही. एका दिवसाचे तेल आठ दिवस जळाल्याचा चमत्कार लोकांच्या नजरेस पडावा म्हणून हनुक्काचा दिवा दाराबाहेर ठेवावा, माडीवर राहणाऱ्याने तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा, आणि संकटाच्या काळात तो घरातल्या मेजावर ठेवला तरी पुरे, असे तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे भीती वाटणाऱ्या माणसाची सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे आणि आज ज्याने पडदा ओढून आत दिवा लावला, त्याला कोणी भित्रा म्हणू नये. जर्मनीतील कील शहराचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकीवा पोझ्नर यांच्या घरातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. खिडकीच्या आत मेनोरा उभा आहे आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नाझी ध्वज लटकतो आहे. त्यांच्या पत्नी राखेल यांनी ते छायाचित्र काढले आणि त्यामागे दोन ओळी लिहिल्या, ज्यांचा आशय असा की ध्वज ज्यूंचा नाश व्हावा असे म्हणतो आणि दिवा उत्तर देतो की ज्यू सदैव जिवंत राहतील. या धैर्याचे गोडवे गाताना पुष्कळ जण पुढची गोष्ट सांगायला विसरतात. 1933 मध्ये हे कुटुंब जर्मनी सोडून गेले आणि मेनोराही सोबत नेला. दिवा लावणे आणि वेळ ओळखून बाहेर पडणे ही दोन्ही त्याच कुटुंबाची शहाणीव होती.

आता बिलिंग्जकडे येतो, कारण आपला खरा आक्षेप तिथेच आहे. शहराची वस्ती ऐंशी हजारांच्या घरात, आणि ज्यू कुटुंबे जेमतेम पन्नास. एवढी कुटुंबे हेरणे कोणालाही सोपे होते. त्या आईने पोलिसाचा सल्ला वृत्तपत्राला सांगितला, आणि ती बातमी वाचून दुसऱ्या एका, ख्रिस्ती, आईच्या मनात आले की खिडकीतले ख्रिसमसचे झाड काढून टाक, असे आपल्याच मुलांना सांगावे लागले असते तर? तिने आपल्या पाद्र्यांना फोन केला. चर्चमधल्या मुलांनी कागदाचे मेनोरे केले, इतर चर्चही पुढे आली आणि ‘बिलिंग्ज गॅझेट’ने पानभर मेनोरा छापला, तो लोकांनी कापून काचेवर चिकटवला. हे एका रात्रीत उगवलेले नव्हते. त्या आधी एका आदिवासी कुटुंबाच्या घरावर द्वेषाची अक्षरे फासली गेली, तेव्हा रंगाऱ्यांच्या संघटनेने घर फुकट रंगवून दिले होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये काही टोळभैरव येऊन दहशत घालू लागले, तेव्हा इतर पंथांचे लोक तिथल्या प्रार्थनेला जाऊन बसले होते.

आणि हो, मेनोरा लावल्यावर त्रास झालाच. एका कॅथलिक शाळेवर गोळ्या झाडल्या गेल्या, चर्चच्या काचा फुटल्या, ज्यू नसलेल्या काही घरांवरही दगड आले. तरीही खिडक्यांतले मेनोरे कमी न होता वाढत गेले. तिथले पोलीस प्रमुख वेन इनमन यांनी या उपक्रमाला उघड पाठिंबा दिला, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. ते आधी अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात पोलीस सेवेत होते, जिथे 1988 साली एका इथिओपियन तरुणाला वंशद्वेष्ट्या टोळीने ठार मारले होते. सुरुवातीच्या किरकोळ वाटणाऱ्या कुरापतींकडे शहराने दुर्लक्ष केले की पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे त्यांनी तिथे पाहिले होते. पन्नास घरांवर नजर ठेवणाऱ्याला अचानक हजारो घरे सारखीच दिसू लागली, तर त्याने कोणती खिडकी निवडायची? आपल्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्याने कागदी मेनोऱ्याला नुसते प्रतीक म्हणावे, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटते. धोका ज्यूंच्या वाट्याचा होता, तो शेजाऱ्यांनी वाटून घेतला. माझ्या लेखातले कौतुक त्या शेजाऱ्यांचे आहे. बाँडायलाही सीरियातून आलेले दुकानदार अहमद अल अहमद यांनी पुढे होऊन एका हल्लेखोराची बंदूक हिसकावून घेतली आणि त्यात स्वतः गोळ्या झेलल्या, ज्यांच्यावर गोळीबार होत होता ते कोणत्या धर्माचे आहेत याचा हिशेब त्यांनी त्या क्षणी केला नाही.

इस्रायल सरकारच्या धोरणांमुळे ज्यूंवर हा राग आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. त्या धोरणांवर कठोर टीका करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि अनेक ज्यूही ती करतात. पण सिडनीतल्या किंवा मोंटानातल्या पोराच्या खिडकीवर ती टीका पोहोचवणारा माणूस टीकाकार उरत नाही.

‘आपल्याकडे असले काही नाही’ हे आपले वाक्य मात्र मला अर्धेच मान्य आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी, आपल्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ म्हणून पिढ्यानपिढ्या गावात मानाने राहिले, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान आहे. पण नोव्हेंबर 2008 मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांची हत्या झाली, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला त्याचा सांभाळ करणाऱ्या बाई, सॅन्ड्रा सॅम्युअल, यांनी कडेवर घेऊन बाहेर काढले. त्या ज्यू नव्हत्या. ते केंद्र 2014 मध्ये पुन्हा उघडले, ते अर्थातच कडेकोट बंदोबस्तात.

तिथला बंदोबस्त कमी करा, असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्याला एवढेच विचारतो, की आपल्या हद्दीत एखाद्या लहानशा समाजाच्या सणावर असे सावट आले असते, तर पहारा बसवल्यानंतर आपण आजूबाजूच्या सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या लोकांना बोलावून घेतले असते की नाही? आपला अनुभव सविस्तर लिहिलात, तर मी तो आनंदाने स्वतंत्र लेख म्हणून प्रकाशित करीन.